कोरडं विरजण

अफू नाही हो, काका. उघडून दाखवतो हवं तर — नाही, इथं नको, धुकं आहे, ओल लागेल — पण वास घ्या, पुडीवरूनच घ्या. आंबट येतोय ना, थोडासा? दह्यासारखा? मग. अफूला असा वास येतो का? मला काय माहीत म्हणा, मी कधी पाहिलेली नाही. आणि तुम्ही विचारलंत ते बरोबरच आहे. अनोळखी मुलगा बाकावर येऊन बसतो, नुसता खाकरत राहतो, आणि मग एकदम म्हणतो, ही एवढी पुडी भोपाळला पोचवाल का — मी असतो तर उठून गेलो असतो. तुम्ही बसलात. विरजण आहे ते. दह्याचं. वाळवलेलं. हो, वाळवलेलं, ओलं नाही — तेच तर सगळं सांगायचंय, पण मला नीट क्रमाने सांगता येत नाही, शाळेतही येत नव्हतं. तुम्ही मघाशी चहावाल्याला म्हणालात ना, "अरे, कप तरी धुऊन दे" — मराठीत — त्याला काही कळलं नाही, पण मला कळलं, आणि म्हटलं, चला, हे आपले आहेत, ह्यांना विचारावं. विचारायला धीर होईपर्यंत चहा संपला तुमचा. ही आली का? नाही, मालगाडी आहे. बसा, बसा. दिल्लीकडची धुक्यात अडकलीय, मास्तर म्हणत होते आग्र्यालाच उशीर झालाय.

आई भोपाळला आहे. माझी आई, तिच्यासाठी आहे हे. थोरला भाऊ बळवंत — दादा — सचिवालयात कारकून, इथं मोतीमहालात बसायचा. नोव्हेंबरात मध्यभारत राज्य मोडलं, राजधानी भोपाळला गेली, तर दादाचं टेबल गेलं, टेबलामागे दादा गेला, दादामागे वहिनी, मुलं, आई. तुम्ही पाहिलंच असेल तेव्हा, ह्याच प्लॅटफॉर्मवर कपाटं, पाटे-वरवंटे, तुळशीच्या कुंड्या — आपली आख्खी लष्कर वस्ती उचलून गाडीत भरताहेत असं वाटत होतं. मी राहिलो. मला इथं काम आहे, पडावाजवळच्या बर्फाच्या कारखान्यात. थंडीत बर्फाला कोण विचारतो, ते खरं, पण काम आहे. आणि घर आहे, माधवगंजात. वडील दरबारच्या दफ्तरात होते, त्यांना राहायला मिळालेलं ते. संस्थान गेलं, वडील गेले, आता ते घर आमचं की सरकारचं ह्याचा विचार चाललाय कुठल्यातरी कचेरीत, आणि ती कचेरीही भोपाळला गेली, तर विचारही तिकडेच चालला असेल. पण इथं कुलूप दिसलं की घर रिकामं धरतात. शेजारच्या गल्लीत तसं झालं, लोक लग्नाला गेले आणि परत आले तर दाराला लाखेचं सरकारी सील. म्हणून घरात कोणीतरी पाहिजेच. आत्तासुद्धा शेजारच्या सुधाताई बसल्यात आमच्या ओट्यावर, शेंगा सोलत, मी येईपर्यंत. सकाळभर बसतील. भोपाळला जाऊन येईपर्यंत नाही बसणार, त्यांना त्यांचा संसार आहे. म्हणजे मी का जात नाही, हे तुम्ही विचारणारच होतात, तर हे असं आहे.

तर आई. अनसूयाबाई नाव. विधवा बाई, जुन्या वळणाची, एक वेळ जेवते, सोवळ्यात जेवते. दात राहिलेले नाहीत. तिचं जेवण मतलब दहीभात, बाकी भाजी-वरण ताटाला शोभा म्हणून. आणि दही कसलं, तर घरच्याच विरजणाचं. ते म्हणे तिच्या सासूच्या सासूने दक्षिणेतून आणलं, फौजेबरोबर, उंटावर — कोण बघायला गेलंय? पण मोडलं कधी नाही, हे मात्र खरं. कालच्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या. सुतक आलं तर एक वाटी आधीच सुधाताईंकडे जायची आणि सुतक फिटलं की परत यायची, पाहुण्यासारखी. निघताना आईने ते चिनी मातीच्या बरणीत घेतलं, वर धुतलेलं फडकं बांधलं आणि बरणी मांडीत धरून बसली. झाशीपर्यंत सगळं ठीक. झाशीला इंजिन जोडताना धक्का बसतो ना, तसा बसला, बरणी कलंडली, आणि समोर दादाच्या कचेरीतला चपराशी होता, बाबूलाल, सामानावर लक्ष ठेवायला घेतलेला — त्याने झडप घालून धरली. थेंब सांडू दिला नाही. वहिनी सांगते, दोन्ही हातांनी धरली आणि हसत हसत आईपुढे केली. आईने घेतली. तिथून भोपाळपर्यंत तशीच मांडीत धरून बसली, आणि भोपाळला उतरल्यावर प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेली आणि बरणी रुळांवर पालथी केली.

हो. सगळं. बाबूलालला वाटलं म्हातारीच्या हातून सांडलं, तो धावत नळावर गेला, तांब्या भरून घेऊन आला, हात धुवायला. ते पाणीही तिने नाही घेतलं. तो तांब्या धरून उभा राहिला म्हणे. मग त्याला कळलं असेल. वहिनी म्हणाली, मला त्याच्याकडे बघवेना.

तुम्ही काही म्हणालात? नाही? मला वाटलं म्हणालात.

बरं, चला, ओतलं ते ओतलं. पण मग जेवायचं काय? क्वार्टरांत आजूबाजूला आपलेच लोक, आठल्यांनी दिलं, लीलाताईंनी वाटी भरून पाठवली — सगळे ब्राह्मण, सगळे सोवळ्यातले, तरी ही खाईना. दादा म्हणाला, आई, दही ते दही. ही म्हणाली, असेल. एक घास घ्यायची आणि ताट सरकवायची. वहिनी डिसेंबरात राहिलेलं सामान न्यायला आली तेव्हा सांगत होती, कपभर दुधावर राहते, चोळी खांद्यावरून उतरते, न्हाणीतून येताना भिंतीला धरून येते. डॉक्टर आणला तर तो म्हणाला, आजार काही नाही, खायला घाला. खायला घाला. जसं काही आम्ही — जसं काही ते घालत नाहीत. वहिनी सांगत होती आणि मी चुलीपुढे बसलो होतो आणि माझ्या मागे फडताळात तेच विरजण होतं. तेच. निघताना आईने वाटीभर माझ्यासाठी ठेवलं होतं, म्हणाली, लावत राहा, मोडू नकोस. मी लावत होतो. मी एरवी काही पाळत नाही, काका, कारखान्यात सगळ्यांबरोबर खातो, पण ते मात्र अंघोळ करून, ओलेत्याने, तिने सांगितलं तसं. म्हणजे वस्तू होती. न्यायची कशी, एवढंच होतं. ओलं दही वहिनीने नेलं असतं तर बाईमाणूस एकटी, दोन मुलं, सामान, गर्दी — कोणाचा ना कोणाचा धक्का लागणार, आणि आई विचारणार. आणि वहिनी खोटं बोलू शकत नाही, तिचे कान लाल होतात.

मग मला आठवलं की कोरड्याला विटाळ नाही. हा नियम मी काढलेला नाही हां, आईचाच आहे. ओल्या भाताला कोणी शिवलं तर तो गेला, पण कोरडे तांदूळ वाण्याच्या पोराने पायांनी सरकवले तरी चालतात. पोहे चालतात, डाळ चालते, साखर चालते. ओलं जातं, कोरडं राहतं. मी लहानपणी विचारायचो, असं का, तर म्हणायची, असंच. म्हटलं, मग विरजणच कोरडं करावं. तसंच केलं, फडकं दह्यात बुडवून सावलीत वाळवलं, कडक झालं, वहिनीच्या ट्रंकेत दिलं. आणि तिकडे — काय सांगू. दूध कोमट केलं, त्यात ते सोडलं, वर लोकर गुंडाळली, आई स्वतः उशाशी घेऊन निजली. सकाळी दूध ते दूध. एक दिवस ठेवलं, तर नासलं, कडू झालं. मेलेलं होतं ते. मी मेलेलं पाठवलं होतं. दादाने कोणाकडून तरी निरोप दिला, उगीच तिला आशा दाखवू नकोस, आता जेमतेम दूध घेत होती तेही फिरवतेय.

मला मग सुचेना काही. कारखान्यात मी बर्फाच्या डब्यांपाशी असतो. म्हटलं, गोठवून बघू, गोठवलेलं जिवंत राहत असेल. वाटीभर दही बर्फाचे डबे गोठवतात त्या खारपाण्यात सोडलं, दगड झाला. वितळवलं तर पाणी एकीकडे, चोथा एकीकडे, आणि त्याने लावलेलं दही दुपारपर्यंत तारेसारखं लोंबत होतं. कृष्णराव म्हणून आहेत, जनावरांच्या दवाखान्यात, लशींसाठी बर्फ न्यायला येतात — त्यांनी मला वाटी घेऊन बसलेलं पाहिलं. मी कोणाला आपणहून काही विचारत नाही, त्यांनीच विचारलं. हसले नाहीत. आधी हसले, मग नाही. म्हणाले, अरे, दह्यात जीव आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत इतके लहान, आणि प्रत्येकाला कातडी आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. पाणी गोठलं की त्याच्या सुया होतात, त्या कातडीला भोसकतात. आणि वाळवलंस तर वेगळंच होतं, पापुद्र्यांना आतून-बाहेरून पाणी धरून असतं, ते निघून गेलं की पापुद्रा पापुद्र्याला चिकटतो, आणि पुन्हा पाणी घातलंस की तिथंच फाटतो. म्हणजे मरण कोरडं असताना नाही येत, काका, ओलं होताना येतं. वहिनीच्या ट्रंकेत ते कदाचित बरं होतं, आणि आईच्या दुधात गेल्यावर —

जाऊ द्या. मग म्हणाले, साखर घाल. मी म्हटलं, साखर? तर म्हणाले, आम्हीसुद्धा लस वाळवतो तेव्हा तसलं काहीतरी घालतात, साखर, दूध, असलं; का उपयोग होतो ते अजून कोणाला पक्कं ठाऊक नाही. मग स्वतःचा अंदाज सांगितला. म्हणाले, तू गर्दीच्या गाडीत बसलायस, पाणी भरायला उतरायचंय, तर काय करतोस? जागेवर पंचा टाकून जातोस. पाणी उतरतं तेव्हा साखर त्याच्या जागेवर बसून राहते. पापुद्र्याला वाटतं, आहे कोणीतरी. पाणी परत आलं की ती मुकाट्याने उठते. मला तर हे इतकं — मी घरी येऊन कितीतरी वेळ हेच मनात घोळवत होतो. बाकीची सगळी गेली आणि त्या एवढ्या घरात एकटं कोणी — म्हणजे तसं नाही. साखरेचं सांगत होतो.

आणि साखर म्हणजे तरी सोपं होतं का? गिरणीची साखर आईला चालत नाही, ती हाडांच्या कोळशाने पांढरी करतात म्हणे. गूळ घातला तर ते वाळेचना, बोटाला चिकटायचं, मधासारखं. मग खडीसाखर आणली. आता खडीसाखर तरी कशाची करतात, पण ती देवापुढे ठेवतात म्हणून चालते, आणि हा प्रश्न मी आईला कधी विचारलेला नाही. ती कुटून, पाण्यात विरघळवून, ताज्या दह्यात फेटली, काचेच्या बशीत पापडासारखी पातळ पसरली. चुलीजवळ ठेवली तर करपट वास. उन्हात ठेवली तर मेलं. मग कृष्णरावांनीच सांगितलं, उष्णता नको, नुसती ओल ओढून घ्यायची, तर बिस्किटांच्या डब्यात कळीच्या चुन्याचे खडे घातले, वर बशी, झाकण मेण लावून बंद. कळीचा चुना तहानलेला असतो, हवेतलं पाणी पिऊन त्याचा भुगा होतो. पहिल्या खेपेला साखरेचे दाणे पडले, पांढरे, मिठासारखे — ते लावलं तर अर्धमेलं. कृष्णराव म्हणाले, दाणा पडला म्हणजे साखर आपली आपली वेगळी होऊन बसली, तिने कोणाची जागा धरली नाही. पुढल्या वेळी दही जास्त घेतलं, साखर कमी, आणि ढवळत राहिलो, आणि डबा उघडला तर बशीत काच होती. खरंच, काचेसारखी, पिवळट, बोटाने दाबली तर तडकली. तिचा एक तुकडा दुधात सोडला आणि मला झोप येईना, उठून उठून बघत होतो, बघू नये, हलवू नये, आई ओरडायची — आणि सकाळी, काका, वाटी आडवी केली तर हललं नाही. चमचा उभा राहिला. चव घेतली, तर तीच. मी तसा रडत नाही.

तर ती काच आहे पुडीत. आतल्या खिशात ठेवायची, अंगाशी, उन्हाला नको, ओलीला मुळीच नको. पोस्टाने पाठवलं असतं, पण कुठल्या ओल्या पोत्याखाली पडून राहील ह्याचा भरवसा नाही, आणि ओल खाल्ली की साखर उठली समजा, आणि मग कोण जागा धरणार. भोपाळला उतरल्यावर टांगेवाल्याला सांगा, कारकुनांची नवी क्वार्टरं, पाण्याच्या टाकीमागची रांग, मोघे विचारा, कोणीही दाखवेल. तुम्हाला वाटेवरच आहे? मग छानच. तिकडेच असता? ती पेटी — मी मघापासून बघतोय — वाद्य आहे ना? क्लॅरिनेट? खरंच? संस्थानच्या बँडमध्ये? अहो, मग मी ऐकलंय तुम्हाला. फूलबागेत संध्याकाळी वाजवायचे ना, लाल कोट घालून, वडील मला खांद्यावर घ्यायचे, आणि पुढच्या रांगेत काळी वाद्यं असायची, चंदेरी चाव्यांची — तुम्हीच असाल त्यात. हो का. पलटणच मोडली म्हटल्यावर बँड कुठला राहणार. आणि आता? लग्नात. भोपाळच्या बँडकंपनीत. बरं आहे, म्हणजे... नाही, बरं नाही, पण वाजवता तरी. मला कोणी तुम्ही इथं भेटाल म्हणालं असतं तर — वडिलांना सांगायला पाहिजे होतं.

ऐका, घंटा झाली. आता येईल. नाव काय सांगू? म्हणजे दादाला निरोप देऊन ठेवतो, कोण घेऊन येतंय.

कांबळे.

हां. कांबळे. बरं.

नाही, काही नाही. काही नाही, काका. कोरड्याला तसंही — मी मघाशी सांगितलंच. नियमाने काहीच हरकत नाही. आणि मी तर असलं मानतच नाही, कारखान्यात आम्ही एकाच मडक्यातलं — ते सांगितलं मी तुम्हाला. प्रश्न माझा नाहीच. आई. आता तिचा नियम आहे कोरड्याचा, पण तिची भीती नियमाहून मोठी झालीय, त्या बरणीपासून. ती दारातच विचारणार, कोणी आणलं. सगळ्यात आधी तेच विचारणार. आणि हे शेवटचं आहे, काका, पुन्हा नाही म्हणाली तर दूधही बंद करेल, दादा म्हणालाच तसं. म्हणून मी म्हणत होतो, बिलकुल लहानशी गोष्ट आहे, तुम्हाला काय फरक पडतो — तिने विचारलं तर तुम्ही नुसतं — "देशपांडे" म्हणाल का? किंवा काहीही. कुलकर्णी. मराठी तुमचं इतकं स्वच्छ आहे, शंका येणार नाही. तुम्ही तर एक मिनिट उभे राहणार दारात, पुडी देणार आणि जाणार, त्यांना परत कधी भेटणारही नाही, फक्त एकदा —

पुडी खाली का ठेवलीत?

नाही, घ्या ना. बाकावर ओल आहे. घ्या, काका. मी चुकीचं — मी अपमान करायला नाही बोललो, मला बोलता येत नाही, मी आधीच सांगितलं. तुम्ही पेटी उचलू नका, गाडी थांबते इथं बराच वेळ, पाणी घेते. मी घेतो पेटी. बरं, नाही घेत. चिडलात. चिडला नाहीत? मग असं का बघता? मी काय वेगळं मागितलं? माझी आई उपाशी आहे आणि मी एक शब्द मागितला.

आली. बघा, दिवा दिसला.

थांबा, मी येतो डब्यापर्यंत. येऊ द्या. मी ते शिकलो कुठून, कळत नाहीये मला. आईने तर निदान ओतलं तेव्हा कोणाला काही विचारलं नव्हतं, मुकाट्याने गेली प्लॅटफॉर्मच्या टोकाला. मी इथं बसून, तुम्हाला काका म्हणत, तुमचा बँड ऐकल्याचं सांगत, तुमच्याच हातात पुडी देऊन वर तुमचंच नाव काढून घ्यायला निघालो. बाबूलालला कोणी नाव तरी बदलायला नाही सांगितलं. इकडे या, ह्या डब्यात जागा आहे, खिडकीची — बसा. बसा तुम्ही. मी खालीच उभा राहतो.

मी तुम्हाला एक खोटं सांगितलं. म्हणजे खोटं नाही, घराचं सगळं खरं आहे, लाख वगैरे. पण सुधाताई म्हणाल्या होत्या, जा रे लक्ष्मीकांता, मी आणि माझा मधु आळीपाळीने निजू तुझ्या ओट्यावर. म्हणाल्या होत्या. मी नाही गेलो. कारण क्वार्टर मिळालं तेव्हा दादाने मोजलं, "मी, कुसुम" — म्हणजे वहिनी — "दोन मुलं, आई" — आणि थांबला. आई तिथंच बसली होती. तीही काही म्हणाली नाही. घर सांभाळायला कोणी हवं, हे मग नंतर निघालं. तर माझं असं होतं की आधी हे विरजण जाईल, तिला लागेल, ती जेवेल, आणि मग तीच म्हणेल, ज्याने पाठवलं त्याला बोलवा. म्हणून मला तिने घ्यायलाच हवं होतं. कोणाचंही नाव घालून. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. सांगितलं.

नाही, मी नाही येणार आत्ता. तिकीट नाही, आणि सुधाताई शेंगा सोलत बसल्यात. पण ऐका, हे घ्या. परत घ्या. आणि तिने विचारलं तर नाव सांगा. पूर्ण सांगा, काय ते — विठोजी? विठोजी कांबळे. संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, हेही सांगा. आणि म्हणावं, तुमच्या लक्ष्मीकांतने माझं नाव विचारून, ऐकून, मग हातात दिलंय. ती नाही म्हणेल. मला वाटतं ती नाही म्हणेल. मग दादा रागावेल, माझ्यावर, तुमच्यावर नाही, तो तसा वाईट नाही. मग तुम्ही तिथं ठेवू नका. परत पाठवूही नका. तुमच्या घरी लावा. खरंच सांगतो. कोमट दूध, करंगळी बुडवून सोसवेल इतकं, एक तुकडा चुरून टाका आणि हलवू नका. सकाळी लागेल. मग रोजचं रोज लावत राहा, मोडू देऊ नका, आणि तिच्या क्वार्टराची दिशा तुम्हाला ठाऊकच आहे, पुढेमागे तिला वाटलं तर — नाही वाटलं तर नाही. कुठंतरी लागलं पाहिजे, काका. मला आता एवढंच समजतंय.

हां. आतल्या खिशात. बटण लावा. शिट्टी झाली.

काही बोलू नका आता. खिडकी लावून घ्या, धुकं आत येतंय. लावा म्हणतो ना.